घरच्या टाकीतला मासा ताटात घ्यावा का?

वाचकहो, या सदराकडे येणारी पत्रे बहुधा मधुमेह, सांधेदुखी, आम्लपित्त यांविषयी असतात. या वेळी एका निवृत्त शिक्षकांचे पत्र वेगळाच प्रश्न घेऊन आले आहे. गुरुजींचा मुलगा अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. त्याने घराच्या तळघरात हजार लिटरची टाकी बसवून तीत ‘ब्लूगिल’ जातीचे मासे सोडले आहेत. टाकीच्या बाजूला खडीने भरलेले वाफे आहेत आणि त्यांत दिव्यांच्या उजेडात पालक, पुदिना, सॅलडची पाने वाढतात. माशांचे पाणी पंपाने वाफ्यात जाते आणि वाफ्यातून निथळून पुन्हा टाकीत येते. सूनबाईंना सहावा महिना आहे आणि नात चार वर्षांची आहे. गुरुजी विचारतात, “माशांच्या विष्ठेच्या पाण्यावर वाढलेली भाजी आणि त्याच पाण्यातला मासा या दोघींना चालेल का? आणि चालत असेल, तर मी इकडे परसात असे काही करावे का?”

प्रश्न एका घराचा असला तरी उत्तर अनेकांच्या उपयोगी पडेल. घरच्या घरी मासे व भाजी एकत्र वाढवण्याच्या या पद्धतीला ‘ॲक्वापोनिक्स’ म्हणतात आणि आपल्याकडेही तिची चर्चा होऊ लागली आहे. थोडक्यात उत्तर असे की मासाही चालेल आणि भाजीही चालेल, पण ती टाकी शोभेची समजून चालणार नाही. ती स्वयंपाकघराचा भाग आहे असे समजूनच वागवली पाहिजे. तिच्यात जे पडेल ते आज ना उद्या आपल्या ताटात येणार आहे. हे कसे, ते क्रमाने पाहू.

ब्लूगिल म्हणजे कोणता मासा?

ब्लूगिल हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागातला गोड्या पाण्यातला मासा. मिसिसिपी नदीचे खोरे आणि तिकडची मोठी सरोवरे हे त्याचे मूळ घर. अंग चपटे व गोलसर, आणि कल्ल्याच्या झाकणाच्या टोकाला गडद निळसर-काळा ठिपका. त्यावरूनच त्याला हे नाव पडले. इलिनॉय राज्याने तर त्याला राज्याचा मासा ठरवले आहे. तो साधारण वीतभर वाढतो आणि अख्खा तव्यात मावतो, म्हणून तिकडचे लोक अशा माशांना ‘पॅनफिश’ म्हणतात. रानात तो किडे, अळ्या, गोगलगायी, बारीक कोळंबीसारखे जीव खातो.

तिकडचे लोक टाकीसाठी हाच मासा का निवडतात? ॲक्वापोनिक्सचा पायाभूत अभ्यास व्हर्जिन बेटांवरच्या विद्यापीठात डॉ. जेम्स रॅकोसी यांनी १९८० पासून अनेक वर्षे केला, तो प्रामुख्याने तिलापिया माशावर. परंतु तिलापिया उष्ण प्रदेशातला. पाणी १०-१२ अंश सेल्सियसपर्यंत उतरले की तो दगावतो. शिवाय तो परदेशी मासा असल्यामुळे अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तो पाळण्यावर निर्बंध आहेत. ब्लूगिल मात्र तिथल्याच मातीतला. बर्फाखालच्या तळ्यातही तो हिवाळा काढतो. थंडीत तो खाणे कमी करतो व वाढ थांबवतो, पण जगतो. वाढीसाठी त्याला २४ ते २८ अंशांचे कोमट पाणी मानवते.

तो सरकारमान्य मत्स्यबीज केंद्रातून विकत घेणे हा योग्य मार्ग. गळाने धरलेला तळ्यातला मासा टाकीत सोडणे आरोग्याच्या दृष्टीने अयोग्य, कारण रानातल्या ब्लूगिलच्या मांसात पुष्कळदा परोपजीवी कृमींच्या अळ्या असतात. शिवाय कित्येक राज्यांत ते नियमालाही धरून नसते.

घाणीचे खत कसे होते?

गुरुजींच्या मनातली किळस स्वाभाविक आहे. मासा आपल्या कल्ल्यांवाटे पाण्यात अमोनिया सोडतो. हा अमोनिया त्यालाच विषारी असतो. साठत गेला तर मासे तडफडून मरतात. पण खडीवर, पाइपांच्या आतल्या भिंतींवर, मुळांवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वस्ती करतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे नायट्रेट म्हणजे शेतकरी ज्याला नत्र म्हणतात त्याचेच एक रूप. भाजी ते शोषून घेते आणि पाणी पुन्हा माशांच्या कामी येते. शेतातल्या मातीत शेणखताचे जे होते, तेच इथे पाण्यात होते. म्हणजे भाजी विष्ठा खात नाही, विष्ठेपासून तयार झालेले क्षार खाते.

मात्र ही जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. पुष्कळ हौशी लोक टाकी आणतात त्याच दिवशी मासे सोडतात आणि पंधरा दिवसांत सगळे मासे गमावतात. आधी पाणी तयार करावे, मग मासे आणावेत. पाण्यातला अमोनिया व नायट्राइट तपासायचे थेंबांचे संच मिळतात. दोन्ही जवळजवळ शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागले, म्हणजे टाकी तयार झाली.

इथे वैद्यकाच्या अंगाने एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. नायट्राइट रक्तात शिरले की रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेता येत नाही. माशांचे रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात प्राणवायू असूनही ते गुदमरतात. कॅटफिश व तिलापिया यांना ही बाधा लवकर होते. ब्लूगिलचे कल्ले नायट्राइट फारसे आत घेत नाहीत, म्हणून तो या बाबतीत चिवट. हाच विकार तान्ह्या मुलांनाही होतो. ज्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट फार असते, ते पाणी वरच्या दुधात मिसळून पाजले तर बाळाच्या पोटात त्याचे नायट्राइट होते आणि बाळ निळे पडते. म्हणून भारतीय मानकाने पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम ठेवली आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने ५० मिलिग्रॅम. टाकीतले पाणी कितीही नितळ दिसले तरी ते पिण्यासाठी नाही, बाळाच्या दुधात मिसळण्यासाठी तर नाहीच नाही.

ताटात नेमके किती पडते?

आता हिशेब करू, कारण या विषयात उत्साह फार आणि हिशेब कमी असतो. नवख्या माणसाने ४० लिटर पाण्यामागे एक किलो माशांपेक्षा जास्त भार ठेवू नये. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत २५ किलो मासा. २०० ग्रॅमचा एक धरला तर सव्वाशे मासे. बोटाएवढ्या पिल्लाला या वजनापर्यंत यायला एक ते दोन वर्षे लागतात. ब्लूगिलचे डोके, काटे, आतडी काढली की २०० ग्रॅमच्या माशातून निव्वळ मांस जेमतेम ६०-७० ग्रॅम मिळते. घरातल्या तिघांना एका जेवणाला पाच मासे लागले, तर सव्वाशे माशांची पंचवीस जेवणे झाली. दीड वर्षात पंचवीस जेवणे म्हणजे तीन आठवड्यांतून एकदा मासा.

भाजीचा हिशेब मात्र वेगळा निघतो. २५ किलो मासे रोज पाव किलो खाद्य खातात असे धरू. डॉ. रॅकोसी यांच्या अनुभवानुसार पालेभाजीच्या एका चौरस मीटरला रोज ६० ते १०० ग्रॅम मत्स्यखाद्य पुरते. म्हणजे या टाकीवर अडीच ते चार चौरस मीटर वाफा पोसला जातो. घराला हिरवी भाजी जवळजवळ रोज मिळू शकते. तेव्हा ही व्यवस्था ‘घरचे मासे’ म्हणून करण्यापेक्षा ‘घरची पालेभाजी, आणि सणावारी मासा’ म्हणून केली तर निराशा होणार नाही.

पोषणाचे म्हणाल, तर ब्लूगिलच्या कुळातल्या माशांच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे १९ ग्रॅम प्रथिने असतात, तर स्निग्ध पदार्थ एक ग्रॅमही भरत नाहीत. पचायला हलका, हृदयरोग्यालाही चालण्याजोगा. पण चरबीच नसल्यामुळे ज्या ओमेगा-३ आम्लांसाठी आपण मासे खा म्हणतो, ती यात अगदी थोडी. त्या बाबतीत आपला बांगडा किंवा तारली कितीतरी सरस. आणि हाच मासा मैद्यात घोळवून तेलात बुडवून तळला, तर हलकेपणाचा फायदाही तेलातच गेला म्हणायचा.

धोका कुठून येतो?

मासा थंड रक्ताचा प्राणी आहे. आपल्या जुलाबाला कारण होणारे ई. कोलाय जिवाणू गुरे, माणसे, पक्षी, उंदीर अशा उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात राहतात. तरीही अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांना ॲक्वापोनिक्सच्या पाण्यात आणि माशांच्या विष्ठेत ई. कोलायची घातक जात सापडली. त्यांचा हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ती बाहेरून आत येऊ शकते. म्हणून पुढील पथ्ये पाळावीत.

पहिले, टाकीत हात घालण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. घरात कुणाला जुलाब होत असतील तर त्याने टाकीचे काम करू नये. टाकीवर जाळी असावी. उंदीर, पाली, पक्षी आत येता कामा नयेत. लहान मूल असलेल्या घरात तर टाकीचे झाकण पक्के बंद हवे, कारण हजार लिटर पाण्यात मूल बुडू शकते. पंप व दिव्यांच्या विजेच्या जोडणीला गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच असावा.

दुसरे, भाजीच्या पानांना टाकीचे पाणी लागू देऊ नये, ते मुळांनाच मिळावे. भाजी खुडल्यावर पिण्याच्या वाहत्या पाण्याने धुवावी. वाफ्यात ताजे शेण किंवा कोंबडीखत घालू नये.

तिसरे, हातांची काळजी. ब्लूगिलच्या पाठीवरचे काटे तीक्ष्ण असतात. माशांच्या टाक्यांत क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद आढळतो. तो बोटावरच्या जखमेतून त्वचेत शिरतो आणि दोन-चार आठवड्यांनी तिथे न दुखणारी, न भरणारी गाठ येते. शोभेच्या माशांच्या दुकानात काम करणारा एक तरुण अशीच गाठ घेऊन माझ्याकडे आला होता. चामखीळ समजून त्याने चार महिने मलमे लावली होती. व्यवसाय विचारला तेव्हा उलगडा झाला, तुकडा काढून तपासला आणि पुढे कित्येक महिने औषधे घ्यावी लागली. हाताला जखम असेल तर रबरी मोजे घालूनच टाकीत हात घालावा. आणि अशी गाठ आली तर डॉक्टरांना ‘मी मासे पाळतो’ हे आपण होऊन सांगावे.

चौथे, औषधे. हे पथ्य सर्वांत जास्त मोडले जाते. मासा आजारी दिसला की लोक शोभेच्या माशांची औषधे टाकीत ओततात किंवा उरलेली प्रतिजैविकाची कॅप्सूल फोडून टाकतात. मॅलॅकाइट ग्रीन हा हिरवा रंग शोभेच्या माशांसाठी वापरतात. खाण्याच्या माशांसाठी तो अमेरिकेतही वर्ज्य आणि आपल्याकडेही वर्ज्य. तांब्याचे क्षार भाजीत उतरतात. प्रतिजैविकांनी तर खडीवरचे उपयोगी जिवाणूच मरतात, अमोनिया वाढतो आणि उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. आजारी मासा वेगळ्या बादलीत ठेवावा. औषध दिलेला मासा मत्स्यवैद्याच्या सल्ल्याशिवाय खाऊ नये.

पाचवे, भांडी व पाणी. कीटकनाशकाचे किंवा रसायनाचे जुने पिंप स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. खाद्यपदार्थांसाठीचेच पिंप वापरावे. जस्त चढवलेला पत्रा आणि तांब्याच्या नळ्या टाळाव्यात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन मासे व जिवाणू दोघांनाही मारते. हवेचे बुडबुडे सोडत पाणी दिवसभर उघडे ठेवले की क्लोरीन उडून जाते. पण अमेरिकेतल्या पुष्कळ शहरांत त्याऐवजी क्लोरामाइन वापरतात. ते नुसते ठेवून उडत नाही, त्यासाठी सोडियम थायोसल्फेट लागते. गुरुजींनी मुलाला हे जरूर विचारावे.

सूनबाई आणि नात

गरोदरपणी मासा वर्ज्य, हा समज चुकीचा आहे. बाळाच्या मेंदूच्या वाढीला मासा उपयोगी पडतो. पारा कमी असलेल्या जातींचा मासा आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम खावा, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा गरोदर स्त्रियांना सल्ला आहे. अमेरिकेतल्या कित्येक नद्या-तळ्यांतल्या माशांत पारा व औद्योगिक रसायने उतरलेली असतात, म्हणून तिथली सरकारे कोणता मासा महिन्यातून किती वेळा खावा याच्या सूचना काढतात. घरच्या टाकीचा खरा फायदा इथे आहे. पाणी कोणते, खाद्य कोणते, हे आपल्याला ठाऊक असते.

सूनबाईंनी मासा पूर्ण शिजवूनच खावा. मांस पारदर्शक न राहता पांढरे होऊन काट्याने सहज सुटू लागले, की शिजले असे समजावे. तापमापक असेल तर आतली उष्णता ६३ अंशांपर्यंत गेली पाहिजे. भाजी या तीन महिन्यांत कच्ची न खाता शिजवून खावी. घरात मांजर असेल तर विशेष जपावे. मांजरांना खडी-वाळूच्या वाफ्यात विष्ठा करायची सवय असते. तिच्यातून येणारा टॉक्सोप्लाझ्मा हा जंतू गर्भाला अपाय करतो. मांजराला त्या खोलीत येऊच देऊ नये आणि वाफ्याचे काम या काळात मुलाने करावे.

नातीला मासा देताना काटे हाताने चाचपून काढावेत. ब्लूगिल लहान मासा, त्याचे काटेही बारीक, आणि ते घशात अडकतात. येणाऱ्या बाळाला सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नको. त्यानंतरही सुरुवातीचे काही महिने या वाफ्यातला पालक रोज देऊ नये, कारण पालक मुळातच नायट्रेट साठवतो आणि इथे तर त्याला ते भरपूर मिळते.

एक स्वयंपाकाची सूचना. अशा टाकीतल्या माशाला कधी कधी मातकट वास येतो. मारण्यापूर्वी तीन-चार दिवस त्याला स्वच्छ, हवा सोडलेल्या पाण्यात खाद्य न देता ठेवले की वास जातो आणि आतडीही रिकामी होतात.

आपल्याकडे करावे का?

गुरुजींच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना जपानची हकिकत सांगावीशी वाटते. १९६० साली त्या वेळचे युवराज अकिहितो अमेरिकेला गेले असता शिकागोच्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल भेट दिले. लोकांना खायला नवा मासा मिळेल या चांगल्या हेतूने ते मत्स्यसंशोधकांच्या हवाली करण्यात आले. पुढे ते बिवा सरोवरासह देशभर पसरले आणि तिथल्या देशी माशांची अंडी-पिल्ले फस्त करू लागले. स्वतः मत्स्यशास्त्राचे अभ्यासक असलेल्या सम्राटांनी २००७ साली याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. आज जपानात परवान्याशिवाय जिवंत ब्लूगिल बाळगणे हा गुन्हा आहे. आपल्याकडेही १९५२ साली आणलेला तिलापिया तळ्यातळ्यांत पसरला, आणि आफ्रिकन मागूरवर केंद्र सरकारला २००० साली बंदी घालावी लागली. तेव्हा ब्लूगिल इकडे आणण्याचा विचारही करू नये. अमेरिकेतल्या टाकीतलाही एखादा मासा ‘बिचारा जगू दे’ म्हणून ओढ्यात सोडू नये.

मात्र पद्धत शिकण्यासारखी आहे. कोणता मासा पाळायला परवानगी आहे, नोंदणी कुठे करायची, बीज कुठे मिळेल, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून मगच टाकी घ्यावी. रोहू-कटला मोठ्या तळ्याचे मासे, ते परसातल्या टाकीत नीट वाढत नाहीत. आपल्याकडे आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतील. वीज गेली की पंप थांबतो आणि भरलेल्या टाकीतला प्राणवायू तासा-दोन तासांत संपू शकतो. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हवाच. आणि मासे नसलेल्या खालच्या टाकीत डास अंडी घालतात. तिच्यावर घट्ट झाकण किंवा बारीक जाळी नसेल, तर भाजीबरोबर डेंग्यूही घरात येईल.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी पहिले दोन महिने मासे आणूच नयेत, किंवा चार-दोनच आणावेत, आणि रोजची वही ठेवावी : पाण्याची उष्णता, अमोनिया, नायट्राइट, किती खाद्य घातले, किती उरले. पाच मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे, उरलेले काढून टाकावे. ज्या दिवशी मासे खाईनासे होतील त्या दिवशी औषधाच्या बाटलीकडे न वळता आधी पाणी तपासावे. दहापैकी आठ वेळा दुखणे पाण्यात असते. ज्या घरात ही वही दोन महिने न चुकता लिहिली जाते, त्या घराने मासे खुशाल पाळावेत. जिथे आठवड्यातच ती कोरी राहू लागते, त्यांनी बाजारातला ताजा मासा आणावा, पालेभाजी कुंडीत लावावी. प्रकृतीला तेही तितकेच मानवेल.